मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या

सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या (जन्म : मुद्देनहळ्ळी, १५ सप्टेंबर १८६१, मृत्यू : बंगळूर, एप्रिल १९६२) हे भारतीय स्थापत्य अभियंता, प्रशासक आणि म्हैसूर संस्थानाचे दिवाण होते. खडकवासला येथील स्वयंचलित दरवाजे, नीरा कालव्यावरील ब्लॉक पद्धत, हैदराबाद शहराची पूरनियंत्रण योजना आणि कावेरी नदीवरील कृष्णराजसागर धरण ही त्यांची प्रमुख कामे होत. इ.स. १९५५ मध्ये त्यांना भारतरत्न हा सर्वोच्च नागरी सन्मान देण्यात आला. त्यांचा जन्मदिवस भारतात अभियंता दिन म्हणून पाळला जातो.

धरणे बांधणारा अभियंता अशी विश्वेश्वरय्यांची सर्वसाधारण ओळख आहे. त्यांच्या कारकिर्दीचा पहिला मोठा भाग मात्र मुंबई इलाख्यात गेला. तेथे त्यांच्यापुढील प्रश्न नवे पाणी आणण्याचा जितका होता, तितकाच हाती असलेले पाणी वाया न घालवता पुरवून वापरण्याचाही होता. पाणी मोजावे, ते ठरलेल्या प्रमाणात द्यावे आणि साठवणीतील तूट यंत्राच्या व नियमांच्या साहाय्याने भरून काढावी, ही त्यांची कार्यपद्धती याच काळात तयार झाली.

बालपण आणि शिक्षण

विश्वेश्वरय्यांचा जन्म तत्कालीन म्हैसूर संस्थानातील चिक्कबळ्ळापूरजवळच्या मुद्देनहळ्ळी या गावी झाला. त्यांचे पूर्वज सध्याच्या आंध्र प्रदेशातील मोक्षगुंडम या गावचे. त्या गावाचे नाव घराण्यास चिकटले. वडील श्रीनिवास शास्त्री हे संस्कृतचे जाणकार होते. आईचे नाव वेंकटलक्ष्मम्मा. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपल्यामुळे घरची स्थिती ओढगस्तीची झाली. पुढील शिक्षणासाठी ते बंगळूरला मामांच्या आधाराने राहिले आणि मुलांच्या शिकवण्या करून त्यांनी आपला खर्च भागवला. बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजातून ते १८८१ मध्ये बी.ए. झाले.

त्यानंतर म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ती मिळवून ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये दाखल झाले. हीच संस्था पुढे पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून प्रसिद्धीस आली. १८८३ मध्ये स्थापत्य अभियांत्रिकीच्या परीक्षेत त्यांनी मुंबई इलाख्यात पहिला क्रमांक मिळवला. त्यामुळे १८८४ मध्ये मुंबई सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात साहाय्यक अभियंता म्हणून त्यांची नेमणूक झाली. पुण्यातील वास्तव्यात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि गोपाळ कृष्ण गोखले यांच्याशी त्यांचा परिचय झाला. सार्वजनिक प्रश्नांचा आकडेवारीच्या आधारे विचार करण्याची रानडे यांच्या वर्तुळातील सवय विश्वेश्वरय्यांच्या पुढील सर्व अहवालांत दिसते.

खानदेशातील पहिली वर्षे

सेवेच्या सुरुवातीस ते नाशिक आणि खानदेश भागात होते. धुळे जिल्ह्यातील दातर्ती येथे पांझरा नदीच्या पाटाचे पाणी नाल्यापलीकडे नेण्यासाठी नळाचा सायफन बांधण्याचे काम त्यांच्याकडे आले. पावसाळ्यात पुरामुळे काम अडू लागले, तेव्हा ते पुढे ढकलावे असे त्यांनी वरिष्ठांस कळवले. वरिष्ठांची त्यावर नाराजी झाली. पुढे मात्र त्यांनी चिकाटीने हे काम तडीस नेले आणि खात्यात त्यांचे नाव झाले.

पांझरेच्या खोऱ्यात त्या काळी फड पद्धत चालू होती. नदीवर लहान बंधारा घालून पाणी पाटाने शेतांकडे न्यायचे, शिवाराचे फड पाडायचे, एका फडात एकच पीक घ्यायचे आणि पाटकऱ्याने पाळीपाळीने सर्वांना पाणी द्यायचे, अशी ही गावकऱ्यांनी चालवलेली व्यवस्था होती. विश्वेश्वरय्यांनी पुढे सरकारी कालव्यांसाठी जी योजना मांडली, तिच्यात आणि फड पद्धतीत पिकांचे गट व पाण्याच्या पाळ्या या दोन बाबतींत साम्य आढळते. फरक असा की फड गावाच्या संमतीने चाले, तर कालव्यावरील योजना सरकारी नियमाने चालावयाची होती.

सक्खरचा पाणीपुरवठा

सिंध प्रांत तेव्हा मुंबई इलाख्याचा भाग होता. सिंधू नदीच्या काठी वसलेल्या सक्खर शहराला नदीचे पाणी उपलब्ध होते. परंतु ते अत्यंत गढूळ असे. गाळण्यासाठी मोठी टाकी व वाळूचे थर बांधण्याइतका पैसा नगरपालिकेकडे नव्हता. १८९४ च्या सुमारास हे काम विश्वेश्वरय्यांकडे आले. त्यांनी नदीच्या पात्रातच विहीर खोदण्याची योजना केली. पात्रातील वाळूतून झिरपून आलेले पाणी विहिरीत जमा होताना आपोआप गाळले जाई. तेथून ते काठावर आणून पंपाने उंचावरील टाकीत चढवले जाई आणि मग शहरात वाटले जाई. १८९५ मध्ये हा पाणीपुरवठा सुरू झाला. नदीची वाळू हीच गाळणी म्हणून वापरल्यामुळे लहान नगरपालिकेच्या ऐपतीत बसणारे काम उभे राहिले.

फाईफ तलाव आणि स्वयंचलित दरवाजे

१८९९ मध्ये विश्वेश्वरय्या पुण्यास कार्यकारी अभियंता म्हणून आले. तो काळ दख्खनसाठी अतिशय कठीण होता. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन मोठे दुष्काळ पाठोपाठ पडले होते आणि पुण्यात प्लेगची साथ होती. पुणे शहर, लष्कराच्या छावण्या आणि मुठा कालव्यावरील बागायत या सर्वांची भिस्त खडकवासल्याच्या एकाच तलावावर होती. कर्नल फाईफ यांच्या योजनेतून मुठा नदीवर बांधलेल्या या तलावास त्यांच्याच नावाने फाईफ तलाव म्हणत.

या तलावाची अडचण विशेष होती. पावसाळ्यात तो भरून सांडव्यावरून वाहू लागे आणि पुष्कळ पाणी नदीतून निघून जाई. उन्हाळ्यात मात्र तेच पाणी कमी पडे. धरणाची उंची वाढवणे खर्चाचे होते. सांडव्यावर कायमची भिंत घातली तर महापुरात पाण्याला वाट मिळाली नसती आणि धरणालाच धोका झाला असता. म्हणजे पूर जाऊ द्यायचा, पण पुराच्या शेवटी येणारे पाणी अडवायचे, असे परस्परविरोधी काम एकाच सांडव्याकडून करून घ्यावयाचे होते.

विश्वेश्वरय्यांनी यासाठी स्वयंचलित दरवाजांची रचना केली. सांडव्यावर बसवलेले लोखंडी दरवाजे प्रतिभाराने तोलून धरलेले असत. तलावाचे पाणी ठरावीक पातळीच्या वर गेले की तोल बदले आणि दरवाजे आपोआप उघडत. पूर ओसरून पातळी उतरली की ते आपोआप मिटत. रात्री-अपरात्री पूर आला तरी दरवाजे उघडण्यासाठी माणसावर अवलंबून राहावे लागत नसे. या रचनेमुळे तलावाची पाण्याची पातळी सुमारे ८ फूट अधिक उंच ठेवता येऊ लागली. १९०३ मध्ये हे दरवाजे खडकवासला येथे बसवण्यात आले. विश्वेश्वरय्यांनी त्यांचे एकस्व घेतले. पुढे ग्वाल्हेर संस्थानातील तिघ्रा धरणावर आणि कृष्णराजसागरावर याच प्रकारचे दरवाजे वापरण्यात आले.

शहरी पाणीपुरवठ्याच्या इतिहासात या कामाचे महत्त्व वेगळे आहे. नवे धरण न बांधता आणि नवी जमीन मोठ्या प्रमाणावर न घेता, जे पाणी दरवर्षी डोळ्यांदेखत वाहून जात होते त्याचा काही भाग पुण्यासाठी राखला गेला.

पाणीवाटपाचा वाद आणि ब्लॉक पद्धत

साठा वाढला तरी वाटपाचा प्रश्न शिल्लक होता. मुठा आणि नीरा कालव्यांवर कालव्याच्या मुखाजवळच्या गावांना पाणी भरपूर मिळे. तेथील बागायतदार प्रामुख्याने ऊस लावत आणि उसाला लागेल तितके पाणी घेत. शेपटाकडील गावांपर्यंत मात्र पाणी अपुरे पोहोचे. अतिरिक्त पाण्यामुळे मुखाकडील काही जमिनी पाणथळ व क्षारपड होऊ लागल्या होत्या. याशिवाय पाऊस चांगला झाला की अनेक शेतकरी पाणी घेत नसत आणि अवर्षण पडले की सगळ्यांची एकदम मागणी येई. त्यामुळे कालव्यांवर सरकारने केलेला खर्च भरून निघत नव्हता.

विश्वेश्वरय्यांनी प्रथम मुठा कालव्यावर पाणी पाळीने देण्याचा नियम लागू केला. प्रत्येक शेतकऱ्याला सतत पाणी न देता ठरावीक दिवसांच्या अंतराने द्यावे, असा तो नियम होता. मुखाकडील बागायतदारांना हे मान्य नव्हते. मनास येईल तेव्हा पाणी घेण्याची त्यांची वहिवाट मोडत होती. पीक जळेल अशी भीती व्यक्त झाली आणि पुण्यातील वृत्तपत्रांतूनही या योजनेवर टीका झाली. दुष्काळाने पिचलेल्या शेतकऱ्यावर सरकार नवे निर्बंध लादते, असा या टीकेचा रोख होता. परकीय सरकारच्या खात्याने काढलेल्या कोणत्याही नियमाकडे संशयाने पाहण्यास तेव्हा सबळ कारणेही होती. विश्वेश्वरय्यांनी शेतकऱ्यांच्या व पुढाऱ्यांच्या भेटी घेऊन योजना समजावून सांगितली. पाळ्या पाळल्या गेल्या तेव्हा पिके तगली, हे प्रत्यक्ष दिसून आल्यावर विरोधाची धार कमी झाली.

याच अनुभवावरून त्यांनी ब्लॉक पद्धत मांडली. तिची मुख्य तत्त्वे पुढीलप्रमाणे होती. कालव्याचे पाणी काही मोजक्या गावांत एकवटू न देता अधिकाधिक गावांना विभागून द्यावे. प्रत्येक गावात चांगल्या निचऱ्याच्या जमिनीचे सलग गट, म्हणजे ब्लॉक, पाडावेत. गटातील सर्व जमिनीवर दरवर्षी ऊस न घेता सुमारे एका हिश्शात ऊस आणि उरलेल्या भागात कमी पाणी लागणारी पिके अशी फेरपालट करावी. पाण्याचा करार एका हंगामापुरता न करता काही वर्षांच्या मुदतीसाठी करावा. यातून शेतकऱ्याला पाण्याची हमी मिळे आणि सरकारला ठरलेली पाणीपट्टी मिळे. सलग क्षेत्राला पाणी दिल्यामुळे चाऱ्यांतील गळती कमी होई, तर पिकांच्या फेरपालटामुळे जमीन खराब होण्याचे प्रमाण घटे.

सर कॉलिन स्कॉट-मॉन्क्रिफ यांच्या अध्यक्षतेखालील सिंचन आयोग १९०१ ते १९०३ या काळात देशभर चौकशी करत होता. मुंबई इलाख्यातील कालव्यांविषयीची ही योजना त्याच्यापुढे आली. नीरा कालव्यावर ती अमलात आणली गेली आणि दख्खनच्या कालव्यांवरील पाणीवाटपाचा पाया ठरली. पाण्याचा हक्क जमीन कालव्याच्या किती जवळ आहे यावर न ठरता मंजूर केलेल्या प्रमाणावर ठरावा, हा तिचा गाभा होता.

आरोग्य अभियंता आणि एडनची कामगिरी

विश्वेश्वरय्यांनी पुढे मुंबई सरकारचे आरोग्य अभियंता म्हणूनही काम केले. इलाख्यातील शहरांच्या पाणीपुरवठ्याच्या आणि मैलापाणी निचऱ्याच्या योजना तपासणे व आखणे हे या पदाचे काम होते. शहरात नळाने पाणी आणले आणि सांडपाण्याची वाट केली नाही तर रोगराई वाढते, म्हणून पाणीपुरवठा आणि निचरा यांचा विचार एकत्र करावा, हे सूत्र त्यांच्या नगरविषयक कामांत कायम राहिले.

१९०६ मध्ये त्यांना एडन येथे पाठवण्यात आले. हे बंदर तेव्हा मुंबई सरकारच्या प्रशासनाखाली होते. ज्वालामुखीच्या खडकांनी वेढलेल्या या शहरात पाऊस अत्यल्प पडतो. डोंगरउतारावरचे पावसाचे पाणी साठवणारी प्राचीन टाकी तेथे होती. पण लष्कराची व बंदराची गरज भागवण्यासाठी समुद्राचे पाणी उकळून त्याच्या वाफेपासून गोडे पाणी करावे लागे आणि ते फार महाग पडे. विश्वेश्वरय्यांनी शहरापासून दूर, लाहेजच्या बाजूस पाऊस पडणाऱ्या प्रदेशातील भूगर्भातील पाणी विहिरींतून घेऊन शहरात आणण्याची योजना सुचवली. पाण्याबरोबरच निचऱ्याची योजनाही त्यांनी दिली.

सेवानिवृत्ती

मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यातील सर्वोच्च पद भारतीय अधिकाऱ्यास मिळण्याची तेव्हा शक्यता नव्हती. अनेक ज्येष्ठांना ओलांडून बढती मिळालेली असतानाही विश्वेश्वरय्यांनी १९०८ मध्ये स्वेच्छेने सेवा सोडली आणि परदेश प्रवासास प्रारंभ केला.

हैदराबादचा पूर आणि दोन जलाशय

विश्वेश्वरय्या युरोपात असताना २८ सप्टेंबर १९०८ रोजी हैदराबाद येथे मुसी नदीला महापूर आला. पुलांवरून पाणी गेले, नदीकाठच्या वस्त्या वाहून गेल्या आणि हजारो माणसे मृत्युमुखी पडली. निजाम सरकारने शहराची पुनर्रचना आणि पुरापासून संरक्षण यांसाठी विश्वेश्वरय्यांना पाचारण केले. १९०९ मध्ये त्यांनी तेथील काम हाती घेतले.

त्यांनी आरंभ पावसाच्या नोंदींपासून केला. मुसीच्या पाणलोट क्षेत्रात शेकडो लहान तलाव होते. अतिवृष्टीत त्यांतील अनेक तलाव एकापाठोपाठ फुटले आणि त्यांचे पाणी पुरात मिसळले, असे पाहणीतून दिसून आले. नदीकाठी भिंती बांधणे एवढाच उपाय पुरेसा नव्हता. शहराच्या वरच्या बाजूस मुसी आणि तिची उपनदी ईसी यांवर दोन मोठे जलाशय बांधावेत, पुराचे पाणी तेथे थोपवून हळूहळू सोडावे, अशी शिफारस त्यांनी केली. शहरात नदीकाठ बांधून काढणे, तेथे बागा व मोकळ्या जागा राखणे आणि मैलापाण्याची नवी व्यवस्था करणे हेही त्यांच्या अहवालात होते.

त्यानुसार मुसीवरील उस्मानसागर १९२० मध्ये आणि ईसीवरील हिमायतसागर १९२७ मध्ये पूर्ण झाला. ज्या पाण्याने शहर उद्ध्वस्त केले, तेच साठवून पुढे अनेक दशके हैदराबादकरांची तहान भागवली गेली. या दोन जलाशयांच्या पाणलोट क्षेत्रात बांधकामांवर निर्बंध घालणारा आदेश १९९६ मध्ये आंध्र प्रदेश सरकारने काढला. पूर्ण साठ्याच्या पातळीपासून १० किलोमीटरपर्यंतचा प्रदेश त्यात येत होता. २०२२ मध्ये तेलंगणा सरकारने हे निर्बंध उठवण्याचा निर्णय घेतला. त्यामुळे शहराचा विस्तार आणि जलाशयांचे रक्षण यांतील जुना प्रश्न पुन्हा चर्चेत आला.

म्हैसूर : कृष्णराजसागर

नोव्हेंबर १९०९ मध्ये विश्वेश्वरय्या म्हैसूर संस्थानाचे मुख्य अभियंता झाले. महाराज चौथे कृष्णराज वोडेयार यांच्या कारकिर्दीत कावेरीवर कन्नंबाडी येथे मोठे धरण बांधण्याची योजना त्यांनी पुढे आणली. शिवसमुद्रम येथील वीजकेंद्राला वर्षभर पाणी मिळावे, कोलारच्या सोन्याच्या खाणींना वीज देता यावी आणि मंड्याच्या कोरडवाहू भागात सिंचन व्हावे, असे तिचे उद्देश होते. खर्च मोठा असल्यामुळे संस्थानाच्या अर्थखात्याने हरकत घेतली. महाराजांची मंजुरी मिळाल्यावर १९११ मध्ये कामास सुरुवात झाली.

कावेरीच्या खालच्या बाजूस मद्रास इलाखा होता. आपल्या शेतकऱ्यांचे पाणी तुटेल या कारणास्तव मद्रास सरकारने नियोजित उंचीस विरोध केला आणि सुरुवातीस कमी उंचीच्या धरणासच परवानगी मिळाली. विश्वेश्वरय्यांनी पाया मात्र पूर्ण उंचीच्या धरणास पेलेल असाच घातला. प्रकरण लवादाकडे गेले आणि अनेक वर्षांच्या वाटाघाटींनंतर १९२४ मध्ये म्हैसूर व मद्रास यांच्यात करार झाला. धरणाच्या बांधकामात विटांची भुकटी व चुना यांपासून केलेल्या सुरखीचा वापर करण्यात आला. १९३० च्या दशकाच्या आरंभी धरण पूर्ण झाले. त्याच्या कालव्यावर मंड्या भागात ब्लॉक पद्धतीचाच अवलंब करण्यात आला. या कालव्याला पुढे विश्वेश्वरय्यांचे नाव देण्यात आले.

दिवाणपद

१९१२ ते १९१८ या काळात ते म्हैसूरचे दिवाण होते. म्हैसूर बँक (१९१३), म्हैसूर विद्यापीठ (१९१६) आणि बंगळूरचे अभियांत्रिकी महाविद्यालय (१९१७) यांची स्थापना या काळात झाली. १९१५ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला. सरकारी नोकऱ्यांत ब्राह्मणेतर समाजांना वाटा देण्याच्या प्रश्नावर महाराजांनी १९१८ मध्ये न्यायमूर्ती मिलर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. नेमणुका गुणवत्तेवरच व्हाव्यात अशी विश्वेश्वरय्यांची भूमिका होती. या मतभेदातून त्यांनी दिवाणपद सोडले.

नगरपालिकांचे सल्लागार

दिवाणपदानंतर विश्वेश्वरय्यांनी विविध शहरांना आणि संस्थानांना सल्ला दिला. मुंबई व कराची येथील नगरपालिकांच्या कारभाराची पाहणी, नव्या दिल्लीच्या उभारणीविषयीची समिती आणि मुंबईच्या बॅक बे भरणीची चौकशी यांत त्यांचा सहभाग होता. हैदराबादच्या मैलापाणी योजनेसाठी ते पुन्हा तेथे गेले. बंगळूरची लोकसंख्या वाढून हेसरघट्टा तलाव अपुरा पडू लागला, तेव्हा अर्कावती व कुमुदवती यांच्या संगमावर तिप्पगोंडनहळ्ळी येथे जलाशय बांधण्यात आला. १९३३ मध्ये पूर्ण झालेल्या या योजनेमागे त्यांचे मार्गदर्शन होते.

भद्रावती येथील लोखंड कारखान्याची घडी त्यांनी बसवली. १९३४ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा नियोजित अर्थव्यवस्थेवरील ग्रंथ हा भारतातील आर्थिक नियोजनाच्या आरंभीच्या आराखड्यांपैकी एक मानला जातो. १९५१ मध्ये त्यांच्या कार्यजीवनाच्या आठवणी पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाल्या.

अखेरची वर्षे

१९५५ मध्ये जवाहरलाल नेहरू आणि भगवान दास यांच्यासमवेत त्यांना भारतरत्न देण्यात आले. १९६० मध्ये त्यांनी वयाच्या शंभराव्या वर्षात पदार्पण केले, तेव्हा भारत सरकारने त्यांच्यावर टपाल तिकीट काढले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले. त्या लोंढ्याने खडकवासल्याचे जुने धरणही फुटले आणि पुणे शहरात हाहाकार उडाला. ज्या तलावावर विश्वेश्वरय्यांनी आपला पहिला मोठा प्रयोग केला होता, त्याचा हा शेवट त्यांच्या हयातीतच झाला. नंतर खडकवासल्याचे धरण पुन्हा बांधण्यात आले. एप्रिल १९६२ मध्ये बंगळूर येथे त्यांचे निधन झाले. मुद्देनहळ्ळी येथे त्यांचे स्मारक आहे.

जलनीतीचे स्वरूप

विश्वेश्वरय्यांच्या पाणीविषयक कामांत तीन पायऱ्या सातत्याने दिसतात. पहिली पायरी मोजणीची. पाऊस, प्रवाह, साठा आणि वापर यांचे आकडे हाती आल्याशिवाय ते योजना मांडत नसत. दुसरी पायरी वाया जाणारे पाणी शोधण्याची. खडकवासल्याला ते सांडव्यावरून जात होते, मुठा आणि नीरा कालव्यांवर मुखाकडच्या शेतांत मुरत होते, तर हैदराबादला ते पूर होऊन वाहत होते. तिसरी पायरी हे पाणी राखण्यासाठी यंत्र किंवा नियम उभा करण्याची.

नागरी पाणीवाटपात आजही याच पायऱ्यांचा आधार घ्यावा लागतो. शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रातून किती पाणी निघाले आणि घराघरांत किती पोहोचले यांचा मेळ घालणे, नळांना मीटर बसवणे, वाहिन्यांतील गळती शोधणे आणि जलाशयाजवळच्या व दूरच्या वस्त्यांना समप्रमाणात पाणी देणे, हे प्रश्न मुठा कालव्यावरील मुख व शेपूट यांच्या प्रश्नाचेच नागरी रूप आहे. जो नळाच्या उगमाजवळ आहे त्याला काटकसरीची गरज वाटत नाही आणि जो शेवटी आहे त्याच्यावर ती लादली जाते. ही विषमता केवळ उपदेशाने दूर होत नाही, त्यासाठी सर्वांना लागू होणारी वाटपाची व्यवस्था लागते, असे मुठा व नीरा कालव्यांवरील अनुभवातून दिसते.

मर्यादा आणि टीका

विश्वेश्वरय्यांच्या धोरणांवर झालेली टीका प्रामुख्याने दोन प्रकारची आहे. ब्लॉक पद्धतीत निर्णय खात्याकडे एकवटले होते. कोणत्या जमिनीला किती पाणी द्यावे हे अधिकारी ठरवत. फड पद्धतीत गावाचा जो सहभाग होता, तो सरकारी कालव्यांवर उरला नाही. पुढील काळात उसाचे क्षेत्र वाढत गेले आणि पाणी अधिक गावांत वाटण्याचा मूळ हेतू अनेक ठिकाणी मागे पडला.

दुसरी टीका विस्थापनासंबंधी आहे. कृष्णराजसागराच्या पाण्याखाली कन्नंबाडीसह अनेक गावे, शेते आणि देवळे गेली. धरणाच्या लाभाचा हिशेब जितक्या काटेकोरपणे मांडला गेला, तितक्या काटेकोरपणे गमावलेल्या गावांचा मांडला गेला नाही, असे अभ्यासकांचे म्हणणे आहे. कावेरीच्या पाण्यावरून कर्नाटक व तामिळनाडू यांच्यात चाललेल्या वादाची मुळेही याच काळातील करारांत आहेत.

वारसा

कर्नाटकातील विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठ आणि नागपूरची विश्वेश्वरय्या राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्था ही त्यांच्या नावाने ओळखली जातात. महाराष्ट्रात कालव्यांवर ब्लॉक मंजुरीची पद्धत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातही चालू होती. २००५ मध्ये राज्याने केलेल्या कायद्याने शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांना कालव्याचे पाणी घनमापन पद्धतीने, म्हणजे मोजून, देण्याची तरतूद केली. पाणी मोजून देण्याचे विश्वेश्वरय्यांचे तत्त्व आणि वाटप लाभार्थींनी एकत्र बसून ठरवण्याची फडाची परंपरा या दोहोंचा मेळ घालण्याचा प्रयत्न म्हणून या कायद्याकडे पाहता येते. खडकवासल्याचा तलाव आजही पुणे शहराला पाणी देतो आणि त्या पाण्यात शहराचा वाटा किती व शेतीचा किती, हा प्रश्न दर उन्हाळ्यात नव्याने उभा राहतो.